जगनची दहा तारीख

वरवे बुद्रुक
१९ जानेवारी २०२५

दादा, जयभीम.

‘गुर्जी, त्यो माज्याशेजारी बसंल.’ तू सातवीत होतास तेव्हा हे म्हणाला होतास. जगन पहिलीत होता आणि गुरुजींनी त्याला तिसऱ्यांदा घरी पाठवलं होतं, याला काही समजत नाही, इतर पोरांना शिकू देत नाही म्हणून. तू त्याचा हात धरून त्याला परत शाळेत आणलंस आणि दारात उभा राहून गुरुजींना हे सांगितलंस. मी चौथीच्या रांगेतून बघत होते. ते वर्षभर जगन सातवीच्या पोरांत तुझ्या बस्करावर बसला. सातवीतल्या त्या मुलाला पत्र लिहायचं असतं, तर मला इतके कागद फाडावे लागले नसते.

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. शुभांगीवहिनी फोन उचलत नाहीत. म्हणून हे पोस्टाने.

आधी माझ्या चुकीचं. आईच्या पहिल्या स्मृतिदिनाला, सगळे पाहुणे जेवायला बसलेले असताना, मी तुला म्हणाले की जगनच्या निराधार योजनेच्या पैशातून तुझ्या गाडीचे हप्ते जातात. ती जागा नव्हती आणि ती वेळ नव्हती. भन्तेजींच्या हातातला घास तसाच राहिला. त्या जागेबद्दल मी माफी मागते. शब्दांबद्दल अजून मागता येत नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात जगन टेम्पोत बसून कामथडीहून माझ्याकडे आला. माझ्या अंगणवाडीची मुलं खिचडी खात होती. तो दारातूनच म्हणाला, “छाये, माजा पगार मला पायजे.”

कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणाला, वर्गणी द्यायचीय. तुला माहीतच आहे, जयंतीची वर्गणी आपल्याकडे कमावत्या माणसाकडून घेतात आणि तेरा एप्रिलच्या संध्याकाळी विहारासमोर स्पीकरवर एकेकाचं नाव वाचतात. जगन दर वर्षी सतरंज्या अंथरतो, खुर्च्या मांडतो आणि सगळी नावं ऐकून परत उचलून ठेवतो. या वर्षी तो कुंडलिकआबांना जाऊन म्हणाला, माझंही लिहून घ्या. कुंडलिकआबा हसले. म्हणाले, “तुजी कसली वर्गणी? घराची तुज्या दादानं दिल्याली असती की.”

“त्यानं त्याची दिली,” जगन म्हणाला. “माजी कुटंय?”

दादा, मला हे उत्तर सुचलं नसतं. तो एक्केचाळीस वर्षांचा आहे. रोज पहाटे दुसऱ्यांच्या मळ्यात कोथिंबिरीच्या जुड्या बांधतो आणि त्याची एक जुडी दुसरीपेक्षा चार काड्यांनी कमी भरत नाही. सरकार त्याच्या नावाने दरमहा पैसे पाठवतं. त्या पैशातून त्याने आजवर स्वतःच्या हाताने साधी काडेपेटी घेतलेली नाही. आणि मी, गावातल्या निम्म्या बायकांचे अर्ज भरून देणारी, मी त्याचा एकही कागद कधी हातात घेतला नाही. तू बघतोस म्हणून सोडून दिलं.

एवढंच मागते. त्याचं पासबुक आणि आधार कार्ड पाठवून दे. नाही पाठवलंस तर आम्ही आमच्या वाटेने करू.

छाया


वरवे बुद्रुक
२ मार्च २०२५

दादा, जयभीम.

पासबुक आलं नाही. तू आलास. दहा फेब्रुवारीला, दर दहा तारखेसारखा, पुण्याहून कामथडी फाट्यावर, हे मला टपरीवाल्या गेनबाने सांगितलं.

त्या दिवशी जगन जे बोलला ते मी त्याला शिकवलं होतं. हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ‘आदी पासबुक दे, मंग अंगठा.’ आठ दिवस मी त्याच्याकडून घोकून घेतलं. गेनबा म्हणाला, जगनने ते एका दमात म्हटलं, मग भज्यांची बशी तुझ्याकडे सरकवली, आणि तू एकही भजं न खाता गाडी वळवलीस. अंगठा लावून पैसे काढायला नसरापूरच्या केंद्रावर गेलाच नाहीत तुम्ही. जगन घरी चालत आला.

तुला राग आला असेल. येऊ दे.

पुढचं आम्ही दोघांनी केलं. मी दोन रजा टाकल्या आणि आम्ही एसटीने भोरला गेलो. आधी आधार केंद्रात, नवीन कार्ड काढायला. जगनचा अंगठा मशीनवर उमटेना. कोथिंबिरीच्या मातीने बोटं घासून गुळगुळीत झालीत त्याची. तिथला माणूस म्हणाला, डोक्याला चोळा, तेल लागू द्या. जगनने अंगठा आपल्या डोक्याला चोळला, तरी होईना. मग त्याने तो माझ्या डोक्याला चोळला, कारण मी सकाळीच तेल लावलं होतं. उमटला. रांगेतली माणसं हसली आणि जगन त्यांच्याहून मोठ्याने हसला.

नंतर बँकेत. तिथे शुभा म्हणून मॅडम आहेत, भोरच्याच. चष्म्यावरून बघतात आणि कागद दोनदा वाचतात. त्यांनी सगळं मला विचारायला सुरुवात केली. यांना व्यवहारातलं कळतं का, यांचं कोण बघतं, यांना सही येते का. मी उत्तर देणार तेवढ्यात जगन म्हणाला, “मला इचारा की. म्या हितंच हाय.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग त्याच्याकडे वळून, माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, “बरं, ह्या कोण?”

“बहीण. छाया. हिचं लई ऐकायचं नसतंय.”

त्यांनी त्याला नोटा दाखवल्या. त्याला आकडे वाचता येत नाहीत, पण रंगावरून प्रत्येक नोट कशाला पुरते ते त्याने सांगितलं: ही चहाची, ही चपलेची, ही मोठी, ही मोडून आणायची. मॅडम आतल्या साहेबांशी बराच वेळ बोलून आल्या. म्हणाल्या, खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, पालक म्हणून कुणाचीच नोंद नाही. ते स्वतः समोर आलेत, त्यांना काय हवंय ते सांगतायत, मग नवं पासबुक द्यायला अडचण नाही.

म्हणजे दादा, इतकी वर्षं जे चाललं ते कुठल्याही कागदावर नव्हतं. तो तुझ्या गाडीवर बसत होता आणि अंगठा देत होता, एवढंच.

खात्यावरचा जुना मोबाईल नंबर बदलला. पासबुक मिळालं. आता सगळं त्याच्या हातात आहे.

छाया


वरवे बुद्रुक
२० एप्रिल २०२५

दादा, जयभीम.

तू जयंतीलाही आला नाहीस. वहिनी आणि तुमचा आकाशही नाहीत. लोकांनी विचारलं. मी म्हणाले, दादाला कामावर सुटी नाही.

जगनचं नाव वाचलं गेलं. तेरा तारखेला संध्याकाळी पांढरा शर्ट घालून तो अगदी पुढे, स्पीकरच्या खाली उभा होता. कुंडलिकआबांनी त्याचं नाव घेतलं, आकडा सांगितला, पुढचं नाव घेणार तोच जगन म्हणाला, परत एकदा घ्या.

“जगन्या, पैसं एकदाच दिल्यात, नाव दोनदा कसं?”

“मागल्या सालचं राह्यलंय.”

सगळं विहार हसलं. कुंडलिकआबांनी पुन्हा वाचलं. खरंच वाचलं, आणि चेष्टेच्या आवाजात नाही. माझ्या शेजारी अंबूबाई बसल्या होत्या. आई गेल्यापासून जगनची संध्याकाळची भाकरी त्याच करतात. त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “तुजी आई फुलाबाई असती तर तिनं आजून चारदा वाचाया लावलं असतं.”

मला वाटलं होतं हे पत्र इथेच संपेल, जरा मिरवून. पण परवा एका टेम्पोवाल्याने तुझं पुडकं आणून दिलं. चिठ्ठी नव्हती. मी वाट बघत होते ते जुनं पासबुक होतं, आधार होतं आणि एक फाईल होती.

ती फाईल मी दोन दिवस वाचते आहे. जगनचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र, त्याच्या आधीचे नाकारलेले दोन अर्ज, पुण्याच्या सरकारी दवाखान्याचे चार वेगवेगळ्या तारखांचे केसपेपर. दर वर्षीच्या हयातीच्या दाखल्याची पोच, वर्षाप्रमाणे लावलेली. तू यासाठी किती खाडे केलेस हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. मागच्या कप्प्यात आईच्या औषधांची बिलं होती. शेवटच्या दोन वर्षांची. मी पासबुकातल्या तारखांशी ती ताडून पाहिली, आणि ताडून पाहताना माझी मलाच लाज वाटली. बहुतेक जुळल्या.

आई गेल्यानंतरच्या तारखांना काही जुळत नाही. तेही लिहिते, कारण तुलाही ते माहीत आहे. पण त्याआधीचं तू त्या दिवशी का बोलला नाहीस? पंगतीत सगळ्यांसमोर एवढंच म्हणायचं, आईची औषधं आणली. मी गप्प बसले असते. का म्हणून तू फक्त चपला घालून निघून गेलास?

आज माफी मागते, जागेची नव्हे, निम्म्या शब्दांची.

छाया


वरवे बुद्रुक
१३ जुलै २०२५

दादा,

हे लिहायला जड जातंय, म्हणून सरळ लिहिते.

जगन दर दहा तारखेला फाट्यावर बसतो. मला कळलं नव्हतं. मार्चपासून बसतो आहे. सकाळी अंघोळ करून, भांग पाडून जातो आणि दिवेलागणीला परत येतो. अंबूबाईंना वाटलं मी त्याला बोलावते. मला वाटलं तो मळ्यात असतो. परवाच्या दहा तारखेला आषाढी पौर्णिमा होती. विहारात वंदनेला लोक जमले आणि सतरंज्या अंथरलेल्या नव्हत्या. आपला जगन पौर्णिमा चुकवत नाही, तापातसुद्धा. अंबूबाईंनी मला फोन केला. मी गेले तेव्हा तो गेनबाच्या टपरीच्या कडेला बाकावर बसला होता, पावसाने एक बाजू भिजलेली, आणि पुण्याकडून येणारी प्रत्येक मोटारसायकल बघत होता.

मी शेजारी बसले. त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, “म्या अंगठा न्हाई दिला म्हून येत न्हाई व्हय त्यो?”

काय सांगू? मी म्हणाले, कामात असेल.

“दादाला सांग, देतो अंगठा. पासबुक नगं मला.”

दादा, मी इतके महिने समजत होते की तू दर महिन्याला येऊन त्याच्याकडून काहीतरी घेऊन जातोस. त्याच्या बाजूने हिशोबच वेगळा होता. तू यायचास, भजी खायला घालायचास, मागे बसवून नसरापूरला न्यायचास. त्याला वाटतं, त्याचं भाडं म्हणून अंगठा द्यायचा असतो. आणि ते भाडं त्याला जास्त वाटत नव्हतं.

गेनबा कपबशा विसळता विसळता ऐकत होता. म्हणाला, “ताई, एक सांगू का? कैकदा पैसं जमाच झाल्यालं नसायचं. दोन दोन म्हैनं येत न्हाईत सरकारचं. तरी बी धम्मदीपदादा यायचा. केंद्रावर फोन लावायचा, न्हाई आलं म्हणायचा, अन् हितंच बसून भजी खाऊन जायाचं दोगं.”

हे मला माहीत नव्हतं. तू सांगितलं नाहीस, आणि मी विचारण्यासारखी राहिले नव्हते.

आता माझं ऐक. मार्चमध्ये मी तुला लिहिलं की सगळं जगनच्या हातात आहे. ते खोटं होतं. नवा मोबाईल नंबर जो दिला तो माझा होता. त्याच्याकडे मोबाईल नाही म्हणून, असं मी शुभा मॅडमना सांगितलं. आणि पासबुक माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली होतं. हरवेल म्हणून. तो पैसे मागायचा तेव्हा मी कशाला म्हणून विचारायचे आणि पटलं तर त्याला घेऊन केंद्रावर जायचे. चपलेला हो म्हणाले. वर्गणीला हो म्हणाले. जूनमध्ये त्याने मागितले तेव्हा म्हणाला, दादाच्या पेट्रोलला. मी नाही म्हणाले. जरा रागानेच. ज्याच्यासाठी एवढं केलं, तो पुन्हा तिकडेच द्यायला निघाला, असं वाटलं.

त्या दिवशी बाकावर मी त्याला तेच समजावू लागले, की पैसे तुझे आहेत, असे कुणाला द्यायचे नसतात. तो ऐकून घेतल्यासारखं करून म्हणाला, “तू बी दादावानीच. पर त्यो भजी तरी खायाला घालायचा.”

गेनबा वळून उगाच स्टोव्हला पिन करू लागला.

काल मी पासबुक त्याला दिलं. नसरापुरातून एक बटणाचा मोबाईल घेतला, त्याच्या नावाचं सिमकार्ड, आणि उद्या रजा टाकून बँकेत तो नंबर लावायला जाणार आहोत. शुभा मॅडम म्हणतील, पाच महिन्यांत दुसऱ्यांदा? म्हणू देत.

त्याने पासबुक कुठे ठेवलंय ते मला सांगितलेलं नाही. विचारावंसं फार वाटतं. विचारत नाही.

छाया


वरवे बुद्रुक
२ नोव्हेंबर २०२५

दादा, जयभीम.

माझी पत्रं परत आलेली नाहीत, म्हणजे तुझ्या दारात पोचतात. वाचतोस की नाही ते मी पोस्टमनला विचारू शकत नाही.

जगनचं बरं चाललंय. ऑगस्टपासून तो केंद्रावर एकटा जातो. पहिल्यांदा मी रस्त्याच्या पलीकडे, औषधाच्या दुकानात उभी राहून बघत होते. त्याने मला पाहिलं आणि तिथूनच हाताने जा म्हणून खूण केली. त्याने दोन चुका केल्या आहेत. एकदा एका माणसाला मोठी नोट सुटी करायला दिली आणि तो माणूस परत आलाच नाही. एकदा मळ्यातल्या सगळ्या बायकांना आइस्क्रीम दिलं आणि महिनाअखेरीला अंबूबाईंकडे पिठाचे पैसे द्यायला उरले नाहीत. मी रागावले. अंबूबाई मला म्हणाल्या, “तुज्या नवऱ्यानं गेल्या साली सेकंडहँड टीव्ही आणलाता, तवा त्याचं पासबुक काडून घेतलंतंस का?”

दहा तारखेचं मात्र त्याने सोडलेलं नाही. आता तो पैसे काढून आणतो, गेनबाकडून भज्यांच्या दोन बशा घेतो आणि एक समोर ठेवतो. संध्याकाळपर्यंत ती तशीच. गेनबा म्हणाला, अरे एकच घे, वाया जातंय. तर म्हणाला, माझे पैसे आहेत. हे वाक्य मीच त्याला शिकवलं होतं, दादा. बँकेत म्हणायला.

मी त्याला दोनदा सांगितलं की तू येणार नाहीस. त्याचा माझ्यावर विश्वास नाही, हिचं लई ऐकायचं नसतंय. तिसऱ्यांदा सांगण्याऐवजी तुला लिहायला बसले.

तू का येत नाहीस ते मला कळतं असं वाटतं. पैसे घ्यायला यायचास असं मी चारचौघांत म्हणाले. आता पैसे मिळत नसताना आलास, तर चूक कबूल करून आल्यासारखं होईल. आणि येऊन पैसे घेतलेस, तर मी म्हणाले तेच खरं ठरेल. मी दोन्हीकडून वाट बंद करून ठेवली. तुझ्या जागी मीही आले नसते. त्यात तू माझ्यापेक्षा जास्त मानी, हे आई म्हणायची.

तरी विचारते. येत्या दहा तारखेला, सोमवारी, फाट्यावर ये. मी तिथे नसेन. त्या दिवशी मला भोरला मीटिंग आहे, आणि नसती तरी मी आले नसते. अर्धा तास बस. तो तुला मोबाईल दाखवेल, त्यात एकच नंबर साठवलेला आहे, माझा नाही, तुझा. तुला फोन लावायला तो घाबरतो, तू बंद केलेला असशील म्हणून. त्याच्या समोरची भजी खा. मग तो खिशातून एक नोट काढून तुझ्या हातात देईल. पेट्रोलला. किती महिने तो ती नोट खिशात घालून बसतो आहे. ती त्याची आहे, त्याला हवी त्याला द्यायची आहे, आणि यात माझं काही चालत नाही, हे मला आता कळलंय.

तू ती नोट घेणार नाहीस. मी जे बोलले त्यानंतर तर नाहीच. तू येणारच नाहीस, हेही मला जवळजवळ ठाऊक आहे. पण आलास तर, दादा, नको म्हणू नकोस. घे, आणि त्याच्यादेखत खिशात ठेव.

छाया